रावसाहेबांचा खर्ज आणि सात फुटी कर्णा

आंबा हंगामी, हुरडा हंगामी, तसे जोतिराम पावशे मास्तरही हंगामी. फरक एवढाच, की आंब्याचा हंगाम दोन महिन्यांत आटोपतो आणि मास्तरांचा सातव्या वर्षात शिरला होता. टिळकवाडीतल्या एका हायस्कुलात ते पदार्थविज्ञान शिकवत. दर जूनला नेमणुकीचा कागद मिळे, दर एप्रिलला त्याची मुदत संपे, आणि मधल्या मे महिन्यात मास्तर कायद्याच्या दृष्टीने कोणीच नसत. कडोलीच्या पावश्यांत बी.एस्सी. झालेला हा पहिलाच गडी. गावी गेलं की पारावरची म्हातारी मंडळी आधी तेच विचारायची, "कायम झालास का रं जोती?" मास्तर म्हणायचे, "होतोय की." गेली सहा वर्षं ते होतच होते.

त्यांना कायम करणं न करणं एका माणसाच्या हातात होतं. रावसाहेब आण्णाप्पा चौगुले, निपाणीचे तंबाखूचे बडे व्यापारी आणि शाळेच्या कमिटीचे चेअरमन. सरकारने रावसाहेबकी दिली होती, पण माणसं त्यांना मान देत तो आवाजामुळे. तो आवाज पोटाच्या कुठल्या मजल्यावरून निघायचा देव जाणे, पण रिकाम्या रांजणात तोंड घालून बोलावं तसा घुमायचा. सौद्यात त्यांनी नुसतं "हं" म्हटलं तरी समोरचा दलाल भाव उतरवतो, असं निपाणीत सांगत. शाळेच्या स्नेहसंमेलनात गेली नऊ वर्षं अध्यक्षीय भाषण त्यांचंच. पहिल्या दोन रांगांना ते छातीत जाणवायचं, मधल्यांना लांब कुठेतरी गडगडल्यासारखं वाटायचं, आणि मागे बायकांपर्यंत काहीच पोचायचं नाही. शब्द कुणालाच कळत नसत. पण काहीतरी थोर चाललेलं आहे याबद्दल सर्वांचं एकमत होतं.

मागच्या वर्षी भाषण संपून टाळ्या पडल्या तेव्हा शेवटच्या रांगेतल्या एका बाईने शेजारणीला विचारलं, "सुरू झालं व्हय गं?" ही गोष्ट फिरत फिरत निपाणीला गेली आणि रावसाहेबांच्या जिव्हारी लागली. अडतीस सालची दिवाळी झाली आणि हेडमास्तरांनी पावशे मास्तरांना खोलीत बोलावलं.

"साहेबांनी मुंबईहून लाऊडस्पीकरचा संच मागवलाय," ते म्हणाले. "तुम्ही विज्ञानाचे. साहेबांचा आवाज जसा आहे तसा शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा. पोचला, की तुमची जागा कायम. कमिटीत ठराव साहेब स्वतः मांडणार आहेत." मग जरा पुढे वाकून म्हणाले, "नाही पोचला, तर जूनमध्ये दुसरा माणूस बघायला सांगितलंय."

संच आला तो दोन डागांत: एक यंत्राची पेटी आणि एक कर्णा. स्टेशनवर उतरवून घ्यायला शाळेचा कारकून गेला होता. त्याच्या कागदावर "लाऊडस्पीकर, एक" असं लिहिलेलं होतं, म्हणून त्याने एक डाग उतरवून घेतला. कर्णा गाडीतच राहिला आणि लोंढ्याला गेला. पावशे मास्तरांचे शेजारी मारुतीराव होनगेकर कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले होते, आणि निवृत्तीनंतर त्यांना अर्ज लिहायला मिळाला नव्हता. त्यांनी बाह्या सरसावल्या. तीन अर्ज गेले. तिसऱ्याला उत्तर आलं, की वर्णनाशी जुळणारी वस्तू सापडल्यास कळवू, तूर्त वस्तूचं वर्णन पाठवावं. मास्तरांनी वस्तू पाहिलेलीच नव्हती. मारुतीराव म्हणाले, "तसंच लिहू. 'अर्जदाराने सदर वस्तू अद्याप पाहिलेली नाही.' खरं लिहिलेलं कधीही चांगलं." पाचव्या अर्जानंतर उत्तरं येणं बंद झालं.

दरम्यान मास्तरांनी कर्ण्याशिवाय पेटी लावून पाहिली. बशीएवढ्या लोखंडी डब्यात एक पातळ पडदा थरथरत होता आणि त्यातून डब्यात माशी अडकल्यासारखा आवाज येत होता. मारुतीराव कान लावून म्हणाले, "मशीन बिघडलंय."

"बिघडलं नाही," मास्तर म्हणाले. "मारुतीराव, तुम्ही तालमीत गेला होता कधी?"

"बघायला."

"एखादा तगडा पैलवान हौद्यात उभा करा आणि समोर कुणी देऊ नका. मारू दे त्याला हवेत धडका. ताकद आहे, पण ती घेणारं कोणी नाही. तसा हा पडदा. मोकळी हवा त्याच्यापुढून नुसती बाजूला सरते. कर्णा काय करतो, तर अंगठ्याएवढ्या घशात थोडी हवा कोंडून पडद्यापुढे जोड म्हणून उभी करतो. आता पडद्याला धक्का द्यायला कुणीतरी मिळालं. मग ती हवा पुढच्या जरा जास्त हवेला ढकलते, ती त्याहून जास्त हवेला. असं करत करत बाहेरच्या मैदानाशी गाठ पडते."

मारुतीरावांनी यावर विचार केला. "म्हणजे वरिष्ठांकडून खाली आदेश जातो तसं."

"तसंच समजा," मास्तर म्हणाले, आणि कर्णा आपणच करायचा असं त्यांनी त्याच वेळी ठरवून टाकलं. शहाण्या माणसाने लोहाराकडून एक धोतऱ्याच्या फुलासारखा पत्रा वळवून आणला असता. पण मास्तरांकडे पुण्याहून मागवलेलं एक इंग्रजी पुस्तक होतं, आणि ज्याच्याकडे पुस्तक असतं त्याला साधं काम साधेपणाने करता येत नाही.

आठ दिवस घरात लॉगॅरिथमच्या कोष्टकांखेरीज विषय नव्हता. सहामाहीच्या पेपरांच्या कोऱ्या पाठी आकड्यांनी भरल्या. शेवटी एक वक्ररेषा निघाली आणि ती बघून मास्तरांना जो आनंद झाला तो पहिलं मूल झालं तेव्हाही झाला नव्हता, हे चंपाबाईंनी बोलून दाखवलं. रेषा सांगत होती, की प्रत्येक कर्ण्याची एक हद्द असते. त्या हद्दीच्या वरचा स्वर आला की कर्णा पडद्याला घट्ट धरतो आणि आवाज मैदानभर जातो. त्याच्या खालचा आला की धरतच नाही. स्वर तोंडापर्यंत जातो आणि माघारी फिरतो. आवाज जितका जाड, तितका कर्णा लांब आणि तोंड रुंद हवं.

तेव्हा रावसाहेब किती जाड बोलतात हे मोजणं आलं. रावसाहेब कोर्टाच्या कामासाठी बेळगावात आले होते. मास्तर एका पेटीवाल्याकडची हार्मोनियम घेऊन त्यांच्या मुक्कामी हजर झाले.

"साहेब, जरा 'आ' म्हणा," मास्तर म्हणाले.

"घसा बरा हाय माझा."

"घसा नाही, कंपनं मोजायचीत."

रावसाहेबांनी 'आ' केला. खिडकीच्या काचा थरथरल्या. मास्तर हार्मोनियमच्या पट्ट्या खाली खाली दाबत गेले आणि अगदी डावीकडे, पट्ट्या संपायला आल्या तिथे स्वर जुळला. "सेकंदाला शंभर," मास्तर भारावून म्हणाले. रावसाहेबांना ते आपल्या श्रीमंतीचं काहीतरी माप वाटलं असावं, कारण त्यांनी समाधानाने मान हलवली आणि चहा मागवला.

शंभर कंपनांचा कर्णा सात फूट लांब निघाला. घसा एक इंच, तोंड साडेतीन फुटांहून जास्त. मास्तरांनी आकडा तीनदा तपासला आणि तिन्ही वेळा तो कर्णा तेवढाच राहिला. बोगारवेशीतल्या एका पत्रेवाल्याने तो करून दिला खरा, पण पत्र्याला स्वतःची मतं होती. 'अ' म्हटलं की तो 'अंगंगंग' म्हणे आणि पुढचा शब्द निघाला तरी मागचा सोडत नसे. मारुतीरावांच्या मते रावसाहेबांच्या भाषणाला ते शोभलं असतं. मास्तरांना पटलं नाही. न वाजणारं काहीतरी हवं होतं, ताठ पण मुकं, आणि ते त्यांना शहापुरात शामू विणकराच्या अंगणात सापडलं. तिथे मागावर चढण्याआधीचा ताणा खळ लावून वाळत होता. मास्तरांनी तो टिचकीने वाजवून पाहिला. कडक होता आणि अजिबात बोलत नव्हता.

शामूने कामट्यांचा सांगाडा बांधला. आकडे त्याला समजावून द्यावे लागतील अशी मास्तरांची कल्पना होती. त्यांनी सुरुवात केली, "शामू, साडेसात इंच पुढं गेलं की पोकळी दुप्पट, आणखी साडेसात इंचांनी परत दुप्पट."

"म्हंजे नातवंडांगत," शामू म्हणाला. "दोनाची चार, चाराची आठ. कळलं की." त्याने जमिनीवर खुंट्या ठोकून दोऱ्याने ती वक्ररेषा अशी धरली, की पुण्याच्या पुस्तकातली तिच्यापुढे वेडीवाकडी दिसावी. मग जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या आणि खळ, परत पट्ट्या, परत खळ. खळ शामूची आई राजाबाई शिजवत होत्या, ज्वारीच्या पिठाची. त्यांनी पहिल्याच दिवशी तीत मोरचुदाची पुडी सोडली.

"हे कशाला?" मास्तरांनी विचारलं.

"घालत्यात," राजाबाई म्हणाल्या. "कापड ठेवायचं आसलं की खळीत घालायचंच. किडा लागत न्हाय, जनावर तोंड लावत न्हाय."

मास्तर विज्ञानाचे. मोरचूद दमट हवेत पाणी धरेल, पाण्याने कापड फुगेल, आणि एक इंचाचा घसा एक इंचाचा राहणार नाही, असं त्यांनी राजाबाईंना पंधरा मिनिटं समजावलं. वर, ताठपणासाठी खळीत गूळ घालावा, अशी सूचनाही केली. कडोलीला त्यांच्या घराच्या भिंती चुन्यात गूळ घालून बांधल्या होत्या आणि त्या अजून हलल्या नव्हत्या. राजाबाईंनी लेकाकडे पाहिलं. शामू म्हणाला, "घाल की आये. शिकल्यालं हाईत ते." मोरचुदाची पुडी परत कनवटीला गेली आणि गुळाची ढेप फोडली गेली.

संमेलनाच्या आदल्या दिवशी कर्णा वाळून तयार झाला. आता शहापूर त्या काळी संस्थानात आणि टिळकवाडी इंग्रजांच्या मुलखात. माणसाने हाक मारली तर ऐकू येईल इतकं अंतर, पण मध्ये दोन राज्यांची हद्द आणि हद्दीवर जकातीचा नाका. बैलगाडी थांबली. कारकून बाहेर आला, गाडीभोवती एक फेरी मारून त्याने कन्नडमधून विचारलं, "एन्री इदु?"

"कर्णा," मास्तर म्हणाले.

कारकुनाने जाडजूड यादी काढली. कर्णा तिच्यात नव्हता. कापड म्हणावं तर गज मोजायचे कुठून, धान्य म्हणावं तर पीठ शिजून गेलेलं, वाद्य म्हणावं तर मास्तर स्वतःच सांगत होते की हा वाजत नाही. "आत काय हाय?" त्याने मराठीत येऊन विचारलं. "हवा," मास्तर म्हणाले. हे उत्तर त्याला उद्धटपणाचं वाटलं. आत खरोखरच काही दडवलेलं नाही याची खात्री करायला त्याने घशाशी तोंड नेऊन "कोण हाय आत?" असं विचारलं, आणि ते रस्त्यापलीकडच्या शेतात काम करणाऱ्या बाईने ऐकून "मी हाय" म्हणून उत्तर दिलं.

मग नाक्यावरचं कामकाज संपल्यासारखंच झालं. कारकुनाने आपलं नाव, बापाचं नाव आणि गाव तिन्ही दिशांना कळवलं. शिपायाने कर्णा आपल्या सासुरवाडीकडे वळवून घेतला आणि चार वर्षं मनात साठलेलं सासऱ्याला एका दमात सांगून टाकलं. गाव सहा मैलांवर होतं, पण त्याला हलकं वाटलं. अडलेल्या गाड्यांचे गाडीवान रांगेला लागले. मास्तर एका बाजूला उभे राहून हे बघत होते आणि त्यांना राग यायला हवा होता, पण त्यांचं ऊर भरून आलं होतं. कर्णा हवेला धरत होता. शेवटी दिवस मावळायला आला तेव्हा कारकुनाने पावती फाडली: "टोपली, मोठी, रिकामी, नग एक."

शाळेवर पोचेपर्यंत फाटकाला कुलूप लागलं होतं आणि किल्ली शाळेच्या शिपायाबरोबर त्याच्या गावी गेली होती. गाडी मास्तरांच्या घरी आली. कर्णा दारातून उभा जाईना, आडवा जाईना, तिरका घातला तर निम्म्यावर अडकला आणि थोडा वेळ मास्तर घरात आणि चंपाबाई बाहेर असा संसार झाला. मारुतीरावांनी चौकट काढण्याचा सल्ला दिला. घर भाड्याचं होतं, त्यामुळे तो सल्ला बाजूला पडला. कर्णा परसात भिंतीशी टेकवला. परसात आणखी एकजण राहत होती. शहरातल्या पाणीदार दुधावर लेकाची प्रकृती खालावेल म्हणून मास्तरांच्या आईने कडोलीहून पाठवलेली म्हैस.

ज्वारीचं पीठ, गूळ, त्यात मुरलेलं जुनं सुती कापड आणि आत कोवळ्या बांबूच्या कामट्या. म्हशीच्या दृष्टीने त्यात नाव ठेवायला जागा नव्हती.

सकाळी चंपाबाई धार काढायला गेल्या आणि तिथंच खाली बसल्या. कर्ण्याचं तोंड गेलं होतं. पुढचा दीड हात म्हशीने निम्मा खाल्ला होता, निम्मा तुडवला होता, आणि ती आता उरलेल्याकडे शांतपणे बघत रवंथ करत होती. "माझंच चुकलं," चंपाबाई म्हणाल्या, "दावं लांब सोडलतं मी." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सात वर्षं, कडोलीचा पार आणि येणारा जून सगळं मास्तरांच्या डोळ्यांपुढून गेलं. पण हात आपोआप फूटपट्टीकडे गेला. तोंड पंधरा इंच उरलं होतं. ते तिथेच शेणाच्या पाटीशेजारी उकिडवे बसले, कागद गुडघ्यावर घेतला, आणि पाव तासाने उठले तेव्हा त्यांचा चेहरा वेगळाच होता.

"दोनशे ऐंशी," ते म्हणाले. "त्याच्या खालचं काय बी जाणार न्हाय."

"म्हंजे काय हुईल?"

"साहेबांचा खर्ज आतच ऱ्हाईल. वरचं तेवढं भाईर पडंल."

मारुतीराव भिंतीवरून बघत होते. त्यांनी तोंडाशी कणगी जोडा, सूप बांधा, निदान छत्री उघडून लावा असे सल्ले दिले. मास्तरांनी ते वक्ररेषेचा अपमान म्हणून नाकारले. आठ वाजता त्यांनी हेडमास्तरांना गाठून सगळं सांगितलं. हेडमास्तर मांडवाच्या कमानीखाली उभे होते आणि त्यांचं लक्ष हारांत होतं. "मागे ऐकू येईल की नाही?" त्यांनी विचारलं.

"ऐकू येईल. शब्द न् शब्द येईल. पण आवाज..."

"मग झालं तर. निमंत्रणपत्रिकेत लाऊडस्पीकर छापलाय. आणि ते फाटकं तोंड झेंडूच्या माळेनं झाका."

दुपारी मांडव रिकामा असताना मास्तरांनी प्रयोगशाळेतले नादकाटे आणले. एकेक ठोकून ते मायक्रोफोनपुढे धरत आणि शेवटच्या रांगेत मारुतीराव ऐकू आलं तर हात वर करत. तीनशेवीसचा काटा: हात लगेच वर. दोनशे छप्पन्नचा: मारुतीराव पुतळ्यासारखे स्तब्ध. मग दोनशे अठ्ठ्याऐंशीचा. मारुतीरावांचा हात खांद्यापर्यंत आला, थांबला, आणि "आहे म्हटलं तर आहे" अशा बेताने तिथेच राहिला. मास्तर काटा हातात धरून मंचावर उभे राहिले. शेणात बसून काढलेला आकडा रिकाम्या मैदानात खरा ठरला होता, आणि तो खरा ठरला म्हणूनच त्यांची नोकरी जाणार होती. या दोन गोष्टींपैकी आधी कशाकडे बघावं हे त्यांना कळेना.

संध्याकाळी पाच वाजता रावसाहेब बोलायला उभे राहिले. कर्ण्याचं तोंड लोकांकडे, त्यामुळे मंचावर त्यांना त्यांचा नेहमीचाच आवाज ऐकू येत होता. मैदानात मात्र, झेंडूच्या माळेतून, एका कोवळ्या करडाने भाषणाला सुरुवात केली.

"बंधुभगिनींनो, माझा आजचा विषय पुरुषार्थ," करडू म्हणालं.

मैदान क्षणभर चपापलं. पहिल्या रांगेतले वकील खिशात रुमाल शोधू लागले. पण खरा घात पुढे झाला. खर्ज गेल्यामुळे मागे उरले ते शब्द, आणि ते शेवटच्या रांगेपर्यंत कातीव स्वच्छ पोचत होते. नऊ वर्षांत पहिल्यांदा रावसाहेब काय बोलतात ते लोकांना कळू लागलं. "पुरुषार्थ म्हणजे काय? तर पुरुषार्थ म्हणजे उन्नती. उन्नती म्हणजे काय? तर उन्नती म्हणजे प्रगती. आणि ही प्रगती, मी आपणांस विचारतो, कशानं होते? तर ती पुरुषार्थानं होते." असं पाऊण तास चाललं. लोक इतके शांत बसलेले पाहून रावसाहेबांना वाटलं, आज रंगलं. शेवटच्या रांगेतली ती बाई शेजारणीकडे वळून म्हणाली, "आत्ता कळलं गं. काय सुदिक न्हवतं त्यात."

मंचावर सगळ्यांनी "खणखणीत" म्हणून अभिनंदन केलं आणि रावसाहेब खुशीत निपाणीला गेले. तिसऱ्या दिवशी सौद्यात त्यांनी "हं" म्हटलं, तर मागून कुणीतरी बारीक आवाजात "हं" केलं आणि सगळी वखार हसली. भाव उतरला नाही. रावसाहेबांनी त्याच आठवड्यात कमिटी बोलावली.

मास्तर कमिटीला जायला निघाले तेव्हा मारुतीरावांनी त्यांना फाटकाशी अडवलं. चाळीस वर्षं कचेरीत काढलेला माणूस. "एकच वाक्य बोलायचं," ते म्हणाले. "'जनावरामुळे आकस्मिक नुकसानी, इलाज चालला नाही.' म्हशीचं नाव घ्या, गणिताचं घेऊ नका. म्हशीवर कुणी खटला भरत नाही."

कमिटीपुढे मास्तर उभे राहिले. रावसाहेब प्रत्यक्षात बोलले तेव्हा टेबलावरचा पाण्याचा पेला थरथरला, आणि मास्तरांना मनातल्या मनात 'शंभर' असा आकडा आठवल्यावाचून राहिला नाही. म्हशीची हकीगत सांगून झाली. रावसाहेब ऐकून घेत होते. तसा माणूस वाईट नव्हता. स्वतःही म्हशी बाळगून होता.

"मास्तर," ते म्हणाले, "जनावर ते जनावर. कर्णा खाल्ल्यावर त्यातनं आसला आवाज निघंल, हे कुणाला सांगता आलं आसतं? कुणालाच न्हाय. हे गणितबिणित म्हंजे शेवटी अंदाजपंचे दाहोदरसे. तुमाला तरी काय ठावं आसणार? न्हवतं ठावं, म्हणा, आन् इषय मिटला. ठराव मी आत्ता मांडतो."

नुसती मान हलवायची होती. हेडमास्तर डोळ्यांनी 'हलवा' म्हणत होते. मास्तरांनी पाराचा विचार केला, चंपाबाईंचा केला, जूनचा केला, आणि मान खाली घालायला सुरुवातही केली. पण 'अंदाजपंचे' हा शब्द घशात अडकला. तो काही केल्या खाली उतरेना.

"ठाऊक होतं," मास्तर म्हणाले. "सकाळीच काढलं होतं. दोनशे ऐंशीच्या खाली काही जाणार नाही म्हणून. दुपारी काटे लावून पाहिलं. दोनशे छप्पन्न लागत नाही, तीनशेवीस लागतो, दोनशे अठ्ठ्याऐंशी जेमतेम. अंदाज नव्हता साहेब. मी हेडमास्तरांनाही..."

हेडमास्तरांना तेवढ्यात छताच्या वाशात काहीतरी दिसलं आणि ते तिकडे बघत राहिले.

मास्तरांना काढून टाकावं असं तिघांचं मत पडलं. पण रावसाहेब व्यापारी होते. आपला आवाज कुठे गेला हे सबंध बेळगावात एकाच माणसाला ठाऊक आहे, आणि तो परत आणायचा तर त्याच माणसाकडून आणावा लागणार, हे त्यांच्या ध्यानात आलं. शिवाय कायम झालेला मास्तर पुढच्या वर्षी सात फुटी कर्णा करायला उभा राहील याची काय हमी? अर्धा तास खल झाला आणि हेडमास्तरांनी शुद्ध भाषेत ठराव लिहून काढला.

मास्तर घरी आले. चंपाबाई दारात उभ्या होत्या.

"केलं का कायम?"

"केलं."

चंपाबाईंनी हात जोडून कुलदैवताच्या दिशेने वर नेले. मास्तरांनी खिशातून ठरावाची नक्कल काढली आणि वाचून दाखवली. "श्री. पावशे यांना, अध्यक्षांचा आवाज पूर्ववत होईपर्यंत, हंगामी जागेवर कायम ठेवण्यात यावे."

चंपाबाईंचे हात हळूहळू खाली आले. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. काय घडलं असेल हे त्यांना न सांगताच कळलं होतं. सोळा वर्षांचा संसार होता.

"म्हसीवर ढकलायचं, असं मारुतीरावांनी सांगितलतं न्हवं?"

"सांगितलतं."

"मग?"

मास्तरांनी खुंटीला टोपी अडकवली आणि जमिनीकडे बघत विचारलं, "रागावलीस?"

चंपाबाईंनी चुलीपुढे पाट मांडला. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "त्यो आकडा बरूबर आलता का?"

"व्हय," मास्तर म्हणाले. "तंतोतंत."

"मग बसा जेवायला. भाकरी गार हुतीया."